तळहाताचं वजन

४ फेब्रुवारी

काडे,

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, आणि जे ऐकू येतं त्यात तू "बरी आहे, बरी आहे" एवढंच म्हणत असतेस. म्हणून कागद घेतला. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. ठेवलीस तर तुझ्या अक्षराबद्दल मीही बोलेन. तुझं मागचं पाकीट पोस्टमनने समोरच्या शिंपिणीच्या दारात टाकलं होतं. पत्ता वाचायला त्याला कोणी शिकवणी लावलेली नाही.

ही शिंपीण समोरच्या खोलीत नवी आलीय. पाकीट द्यायला आली आणि विचारलं, नात काय करते? म्हटलं, झाडांचं शिकते. म्हणाली, म्हणजे तुमच्यासारखी माळीणच की. मी हो म्हटलं आणि दार लावलं. मग दिवसभर माझं मलाच खुपत राहिलं. माळीण व्हायला एवढी वर्षं शाळा कशाला लागते? नर्सरीत चाळीस वर्षं काढली, मला तर कधी लागली नाही.

तेव्हा सकाळी दार उघडतेस तिथपासून तू काय करतेस ते नीट लिही. मोठे शब्द घालू नकोस. स्वतःला कळलेलं नसलं की माणूस मोठे शब्द घालतो.

मी नर्सरीत अजून जाते. मालक म्हणतो, आता घरी बसा. बसून काय अंडी उबवू? सकाळी तासभर जाते, रोपांवरून हात फिरवते, नव्या पोरींना चार बोल सुनावते आणि परत येते. गुडघा होता तसाच आहे. विचारशील म्हणून आधीच लिहिलं. औषध पाठवू नकोस.

आजी


१५ फेब्रुवारी

आजी,

तुझं पाकीट आमच्या बाईंच्या हाती पडलं. बाई म्हणजे मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या. देताना म्हणाल्या, कोणाचं गं? मी म्हटलं, माझ्या पहिल्या परीक्षकाचं.

आता सांगते. कोवळं पान उजेडाकडे तिरकं धरलं की कडेला बारीक लव दिसते, ती तू माझ्याहून जास्त वेळा पाहिली आहेस. माझ्या रोपांच्या लवेतला एकेक केस म्हणजे एकच पेशी. सगळं पान अशा बारीक पेशींचंच बनलेलं, पण प्रत्येकीचं काम वेगळं: कोणी ऊन खातं, कोणी पाणी वाहतं, कोणी दारं उघडतं-मिटतं. गंमत अशी की सगळ्या कामांच्या सूचना प्रत्येक पेशीजवळ असतात. त्या सूचनांना जनुकं म्हणतात. घरात चहा सगळ्यांनाच करता येतो, उठतं मात्र एकच, तसं. लवेच्या पेशीत कोणती जनुकं कामाला उठतात, ते मी शोधते.

अडचण ही की अख्खं पान कुटलं तर सगळ्या घराचा गलका एकदम ऐकू येतो, त्यात लवेचा आवाज कुठून कळणार? म्हणून आमची रोपं अशी तयार केली आहेत की फक्त लवेच्या पेशीच्या गाभ्यावर एक आकडी असते. सूचना या गाभ्यातच असतात. सकाळी आठला मी रोपांच्या खोलीचं दार उघडते, त्यांची खबरबात घेते, पाणी घालते, नऊला पानं कापते. बर्फात ठेवलेल्या खलात ती कुटायची, गाळायची. मग त्यात चुंबकाकडे ओढले जाणारे मणी सोडायचे. मणी धुळीहून बारीक असतात आणि ते फक्त आकडीला चिकटतात. नळीला बाहेरून चुंबक लावला की लवेचे गाभे कडेला गोळा होतात, बाकीचं ओतून द्यायचं. मग त्या गाभ्यांत काय चाललंय ते वाचायचं.

आणि आजी, मला एक जनुक सापडलंय. झाड अगदी शांत असतं, त्याला कोणी त्रास देत नसतं, तरी लवेत ते सतत जागं असतं. उरलेल्या पानात त्याला गाढ झोप. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा तेच. लॅबमध्ये सगळे त्याला "पहारेकरी" म्हणायला लागलेत. मे महिन्यात मोठी सभा आहे, बाई मला तिथे बोलायला उभं करणार. पुढच्या वर्षी मला इथे ठेवायचं की नाही, तेही त्याच्यावरच ठरेल.

कळलं का? खरं सांग.

काडी


२६ फेब्रुवारी

काडे,

कळलं. तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचतानाच कळलं होतं, तिसऱ्यांदा उगीच वाचलं.

चुंबकाचं सगळ्यात आधी कळलं. आताच्या मालकाच्या बापाच्या वेळी रोपं लाकडी खोक्यांतून जायची. खोकी फुटायची, खिळे मातीत जायचे आणि तिथून आमच्या पायात. मी एका फुटक्या कर्ण्यातला लोहचुंबक काढला, दोरीला बांधला आणि वाफ्यावाफ्यातून ओढत फिरले. आधी सगळे हसले. संध्याकाळी अर्धी बादली खिळे निघाले तेव्हा गप्प झाले. पण खिळा डोळ्यांना दिसतो. तू न दिसणाऱ्या केसाच्या पोटातला न दिसणारा गाभा काढतेस, आणि तो काय बोलतो तेही ऐकतेस. चौथी शिकलेय तरी एवढा फरक मला कळतो. डोकं तुझ्या आजोबांकडून आलेलं नाही, ते त्यांनी कधी वापरून दाखवलं नव्हतं.

शिंपिणीकडे चहाची गाळणी घेऊन गेले आणि तिला सगळं समजावलं. म्हटलं, झाड शांत असताना कोणती पेशी जागी असते ते माझ्या नातीने शोधलंय, आणि जगात आधी कोणाला सापडलं नव्हतं. तिने मशीन थांबवून ऐकलं. कौतुक सांगायला गेले नव्हते, तिचा गैरसमज काढायचा होता. नंतर मालकाचाही काढला. पोस्टमनचाही.

सभेला बोलताना मान खाली घालू नकोस. आधीच काडीसारखी, त्यात वाकलीस तर दिसायची नाहीस.

आजी


२० मार्च

आजी,

चांगली बातमी नाही. फोनवर सांगितलं असतं तर तुला ऐकू आलं नसतं, आणि मला ते दोनदा सांगवलं नसतं.

दुसऱ्या एका लॅबने आमचं बी मागवून घेतलं होतं. त्यांनी तसंच केलं, पायरीला पायरी. त्यांच्या लवेत पहारेकरी झोपलेला. मग बाईंनी आमच्याच लॅबमधल्या काटेकोरला करायला सांगितलं. तो आमच्यातला सगळ्यात जुना. खुर्चीसुद्धा फरशीच्या रेघेवर लावतो म्हणून त्याला मागे सगळे काटेकोर म्हणतात. माझंच बी, तीच माती, तीच खोली, फक्त रोपं ठेवायची त्याची फळी माझ्या वरची. त्याच्याही रोपांत झोपलेला.

जागा असतो तो फक्त माझ्या रोपांत, मी केलं की.

पाणी तपासलं, दिव्यांची उंची मोजली, मणी नवे आणले, नळ्या बदलल्या. वही पहिल्या पानापासून वाचली. कुठे काही नाही. काल बाईंनी माझ्या सगळ्या वह्या मागून घेतल्या. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. काटेकोर जेवायला दुसऱ्या टेबलावर बसतो. कोणी काही म्हणत नाही, पण काय म्हणत नाहीत ते मला कळतं. एप्रिलअखेर उत्तर सापडलं नाही तर सभेतून नाव काढावं लागेल. मग पुढच्या वर्षाचा प्रश्नच उरणार नाही.

तू शिंपिणीला आणखी काही सांगू नकोस.

काडी


२५ मार्च

काडे,

एकदाच विचारते, परत विचारणार नाही. आकडे मनाचे घातलेस का? हो किंवा नाही. उलट टपाली.

आजी


२९ मार्च

नाही.


३ एप्रिल

काडे,

बरं. मग ऐक.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. नर्सरीत आम्ही दोघी एकाच कामावर होतो, मी आणि एक ठेंगणी होती ती. एकच बी, एकच माती, एकाच विहिरीचं पाणी. तिची टोमॅटोची रोपं लांबलचक, लुकडी, वाऱ्याने झोपायची. माझी बुटकी आणि बुंध्याला भक्कम. गिऱ्हाईक माझीच उचलायचं. ठेंगणीने मालकाच्या बापाच्या कानात घातलं की ही कोठीतलं खत चोरून घालते. म्हाताऱ्याने मला बोलावून विचारलं. मी म्हटलं, घालत नाही. म्हणाला, मग काय करतेस? म्हटलं, ती करते तेच करते. आणि मी खोटं बोलत नव्हते. मला खरोखर तसंच वाटत होतं.

म्हातारा वाद घालत बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली पालथी घातली, तिच्यावर बसला आणि दुपारपर्यंत माझ्याकडे बघत राहिला. दुपारी उठला आणि म्हणाला, कळलं.

त्याला काय दिसलं ते मी तुला लिहिणार नाही.

तुझी वही बंद कर. माणूस जे ठरवून करतो तेवढंच वहीत लिहितो. न ठरवता काय करतो ते त्याला दिसत नाही, ते दुसऱ्यालाच दिसतं. तुझी रोपं तुझ्याशीच बोलत असतील तर तू त्यांना काहीतरी करतेस. कोणालातरी मागे बसव. तुझ्यावर जीव असणारा नको, त्याला सगळं छानच दिसेल. तो काटेकोर बरा. तुझी चूक सापडावी असं ज्याला मनापासून वाटतं, त्याच्यासारखं बघणारं कोणी नाही. आणि त्याला म्हणावं, महत्त्वाचं तेवढंच लिहू नकोस, सगळं लिही.

जेवत जा. उपाशी माणसाला स्वतःची दया फार येते.

आजी


१७ एप्रिल

आजी,

काटेकोरला विचारायला दोन दिवस धीर झाला नाही. शेवटी विचारलं. तो म्हणाला, बसतो. आला तो स्टूल आणि घड्याळ घेऊन. कोपऱ्यात बसला आणि सगळं लिहीत गेला. दार उघडलं. दिवा बघितला. नाक खाजवलं. खरंच लिहिलंय त्याने, नाक खाजवलं. सतरा मिनिटांनी मी पाणी घालायला भांडं उचललं तेव्हा तो म्हणाला, "हे आत्ता काय केलंस?"

मी म्हटलं, पाणी घालतेय.

"त्याच्या आधी."

मी म्हटलं, आधी काही नाही, नुसती बघत होते.

त्याने वही माझ्याकडे फिरवली. आठ वाजून अकरा मिनिटे: पहिल्या ट्रेवरून उजवा तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आठ बारा: दुसऱ्या ट्रेवरून. आठ तेरा: तिसऱ्या. सगळे सहा ट्रे, आजी. मला काहीही आठवत नव्हतं. मी हातांकडे बघत राहिले आणि मग मला तुझी नर्सरी दिसली. मी पाच-सहा वर्षांची होते, तुझ्या मागे मागे वाफ्यातून चालायचे, तू जसा फिरवायचीस तसा रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवत. तू मला तसं कर म्हणून कधी सांगितलं नव्हतंस. मी ते कधी शिकले हेच मला माहीत नव्हतं.

मी रोज आठला हात फिरवते आणि नऊला पानं कापते. म्हणजे माझी रोपं कधी शांत नव्हतीच.

काखेत कळसा असताना गावभर वळसा घातला म्हणायचं. मग आम्ही दोघांनी मिळून केलं. त्याच्या फळीवरच्या रोपांपैकी अर्ध्यांवरून त्याने हात फिरवला, अर्धी तशीच ठेवली. कोणती कुठली ते त्याने मला सांगितलं नाही, नळ्यांवर नुसते आकडे घातले. वाचून झाल्यावर जुळवलं. हात फिरलेल्या सगळ्या रोपांत पहारेकरी जागा. न फिरलेल्या सगळ्यांत झोपलेला. आणि शेजारच्या पेशी दोन्हीकडे ढिम्म, फक्त लव उठते. स्पर्श झाला की आधी तिलाच कळतं. काटेकोर म्हणाला की तो मला चुकीचं समजत होता. दुपारी आमच्या टेबलावर जेवायला आला.

पण आजी, मी चार महिने सगळ्यांना जे सांगितलं ते खोटं ठरलं. "शांत झाडात सतत जागं" असं बाईंच्या नावावर, माझ्या नावावर लिहून झालंय, लोकांना पाठवून झालंय. बाई म्हणतात दोन रस्ते आहेत. मागचं गुपचूप मागे घ्यायचं, या सभेला जायचं नाही आणि सावकाश नवीन काम बांधायचं. नाहीतर सभेत उभं राहून सांगायचं की चूक झाली, माझ्याच हाताने झाली, आणि ती अशी सापडली. पण समोर दुसऱ्या लॅबचे लोकही असतील. पुढच्या वर्षाचं ठरवणारेही तिथेच. बाई म्हणाल्या, तू ठरव.

म्हाताऱ्याला बादलीवरून हेच दिसलं होतं ना? तुला माहीत होतं तर तेव्हाच का लिहिलं नाहीस? माझे दोन आठवडे वाचले असते.

काडी


२४ एप्रिल

काडे,

हो, हेच दिसलं होतं. ठेंगणी फक्त पाणी घालायची, मी येता-जाता हात फिरवायची. माझ्या सासूची सवय, तिच्याकडून मला लागली. हाताखालून गेलेलं रोप उंच धावत नाही, बुंधा भरतं. म्हाताऱ्याने नंतर सगळ्यांना तसंच करायला लावलं. ठेंगणीने माझ्याशी वर्षभर अबोला धरला.

लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तू मी सांगितलेलं शोधलं असतंस. सापडलंही असतं. तू नसतीस करत तरी सापडलं असतं, बुडत्याला काडी सापडते तशी. मला माहीत नव्हतं तू काय करतेस. मी बघितलं होतं का? मला माझं माहीत होतं, तुझं नाही. आणि तुझ्या काटेकोरनेही तुला कोणती नळी कुठली ते कुठे सांगितलं? त्याने केलं की शास्त्र आणि आजीने केलं की आगाऊपणा?

आता तुझ्या दोन रस्त्यांचं. परवा मी शिंपिणीकडे गेले. तिची दोन गिऱ्हाइकं बसली होती, मला वाटलं होतं एकटी असेल. परत फिरणार होते. मग तिथेच उभी राहिले आणि म्हटलं, त्या दिवशी नातीचं जे सांगितलं ते चुकीचं होतं. झाड शांत नव्हतं, ती रोज त्याला हात लावत होती, आणि आता खरं काय ते सापडलंय. एक बाई हसली. शिंपीण म्हणाली, म्हणजे हात लावलेला झाडाला कळतो? मी म्हटलं, हो, आणि पानाच्या केसाला आधी कळतो. तिने मशीन थांबवलं. पहिल्या वेळेपेक्षा जास्त वेळ थांबवलं. मग मालकाकडे गेले. पोस्टमन अजून भेटायचा आहे.

जड गेलं, खोटं कशाला सांगू. पण घरी येऊन पोटभर जेवले.

तू काय करायचंस ते मी सांगणार नाही. माझं मी केलं, ते कळवलं.

आजी


१९ मे

आजी,

बोलले.

पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं. आधी जुनं दाखवलं, मग म्हटलं हे चूक आहे, मग काटेकोरच्या वहीचं पान मोठं करून पडद्यावर लावलं, नाक खाजवल्याच्या ओळीसकट. लोक हसले. आठ अकराची ओळ आली तेव्हा हसणं थांबलं. मग दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी ठेवले. मान वर होती, बाईंना विचार.

संपल्यावर दुसऱ्या लॅबचे प्रमुख उठले, मला ज्यांची भीती होती तेच. म्हणाले, आमच्याकडे पहारेकरी का झोपला होता ते आज कळलं, आमच्या रोपांना कोणी प्रेमाने हात लावत नाही. मग विचारलं, वहीऐवजी हातांकडे बघायची कल्पना कोणाची? मी म्हटलं, माझ्या आजीची. चाळीस वर्षं नर्सरीत होती, शाळा चौथीपर्यंत. मला वाटलं परत हसतील. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि लिहून घेतलं.

पुढचं वर्ष मिळालं. आता काम स्पर्शाचंच. काटेकोर आणि मी दोघं मिळून.

पण आता एक अडलंय आणि ते तुझ्याशिवाय सुटणार नाही. हे दुसऱ्यांनाही करता यायला हवं, म्हणजे हात किती जोरात फिरवायचा ते आकड्यात लिहायला हवं. माझा हात आता बिघडलाय. विचार करून फिरवायला लागले की दर वेळी वेगळा पडतो. काटेकोरचा तर इस्त्रीसारखा पडतो. तू कसा फिरवतेस ते लिहिशील? जमेल तसं लिही.

काडी


३० मे

काडे,

जमेल तसं लिहायला बसले आणि जमलं नाही. "हलका" लिहिलं, खोडलं. "शेंडा वाकेल पण मुळाला कळणार नाही इतका" लिहिलं, तेही तुझ्या त्या लोकांना चालणार नाही.

म्हणून नर्सरीत गेले. तिथे बी तोलायचा काटा आहे, चिमूटभर टाकलं तरी आकडा दाखवतो. त्यावर रोपांचा ट्रे ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि वरून हात फिरवला. मालकाला वाचायला आणि लिहायला बसवलं. मी काट्याकडे पाठ करून उभी राहिले आणि हात मागे नेला. आकडा दिसला असता तर हात त्याला शोभेल असा पडला असता. पण पाठमोरा हात कुठे नेहमीसारखा फिरतो? म्हणून पहिला डाव फुकट गेला. मग तोंड ट्रेकडे केलं आणि काट्याच्या आकड्यावर मालकाची टोपी घातली, त्याने खालून वाकून वाचलं. तुझ्या लॅबमध्ये याला काही नाव असेल. आम्ही टोपी म्हणतो.

दहा वेळा फिरवला. ग्रॅममध्ये: अकरा, नऊ, बारा, दहा, दहा, चौदा, नऊ, एकतीस, अकरा, दहा. एकतीस आला तेव्हा मालकाला शिंक आली आणि मी दचकले. मालक म्हणाला, हा खोडू या. मी खोडू दिला नाही. शिंकेसकट पाठवतेय. कागद त्याच्या अक्षरातला आहे, खाली माझी सही आहे. पहिल्या फुकट डावाचा कागदही सोबत आहे.

तू लिहिलंस की त्या माणसाने पेन काढून लिहून घेतलं. ते शिंपिणीला वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा तिने मागितलं म्हणून वाचलं.

सगळ्या रोपांवरून हात फिरवला, पण त्या वर्षांत कामच इतकं असायचं की तुझ्यावरून फिरवायला सवड झाली नाही. तू मागे मागे यायचीस, मी वळून बघायची नाही. म्हणून अशी लुकडी वाढलीस. लॅबला सुट्टी पडली की ये. उंची काही आता कमी व्हायची नाही. बुंधा भरतो का बघू.

आजी